टाकळा कोणता, कासविंदा कोणता?

गेल्या आठवड्याच्या टपालात एक पाकीट जरा फुगीर होतं. उघडलं तर आत जुन्या कॅलेंडरच्या पानात नीट दाबून ठेवलेल्या दोन फांद्या, चार शेंगा आणि वहीच्या कागदावर लिहिलेलं पत्र. पत्र पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावाहून आलेलं. लिहिणाऱ्या भगिनींचं नाव इथे देत नाही, पण मजकूर तुम्हा सगळ्यांच्या उपयोगाचा आहे, म्हणून थोडक्यात देते.

‘ताई, आमच्या घराशेजारचा प्लॉट बरीच वर्षं मोकळा आहे. पावसाळ्यात तिथे टाकळा नुसता माजतो. माझं माहेर शहरातलं, मला रानभाज्यांतलं काही कळत नाही. सासूबाई मूळच्या कोकणातल्या. पावसाळ्यात एकदा तरी टाकळ्याची भाजी घरात व्हायलाच हवी, असं त्यांचं म्हणणं. पण गुडघ्यांमुळे त्यांना बाहेर पडता येत नाही. यंदा मीच हौसेने खुडून आणली. त्यांनी ताटात पसरून बघितली आणि म्हणाल्या, “अगं, यातली निम्मी पानं टाकळ्याची नव्हेत.” मग सगळीच टाकून दिली. शेजारणीने मोबाइलवर फोटो काढून बघितलं, तर दोन्हींना एकच नाव आलं! दोन्ही झाडांच्या फांद्या पाठवते आहे. पुढच्या वर्षासाठी खरी ओळख सांगा.’

आणि अगदी तळाशी, जागा उरली म्हणून लिहावं तसं : ‘ता. क. शेंगा मुलांनी तोडून दिल्या. हल्ली त्यांची भातुकली त्याच प्लॉटवर मांडलेली असते. शेंगा सोलून डाळ म्हणून “शिजवतात.” तिथल्या वॉचमनची मुलंही असतात सोबतीला.’

नुसतं भाजीचं विचारलं असतं, तर उत्तर पुढच्या पावसाळ्यापर्यंत थांबलं असतं. पण ता. क. वाचला आणि हातातला चहाचा कप खाली ठेवला. पत्रात फोन नंबर होता. आधी फोन केला आणि मग लिहायला बसले. फोनवर काय बोलणं झालं ते शेवटी सांगते. आधी ओळख करून घेऊ.

दोघे एकाच घरातले

पाकिटातली एक फांदी टाकळ्याची होती आणि दुसरी कासविंद्याची. दोन्ही झाडं शेंगांच्या कुळातली, म्हणजे तूर-मुगाची दूरची आणि बहावा-तरवडाची अगदी जवळची भावंडं. पिवळी फुलं, जोडीजोडीने लागणारी पानं, आणि चुरगाळलं की येणारा उग्र वास, हे सगळं दोघांतही आहे. त्यामुळे ‘वास आला म्हणजे टाकळा’ असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. कासविंद्यालाही तसाच, किंबहुना जास्तच वास येतो. त्या वासामुळेच गुरं त्यांना सहसा तोंड लावत नाहीत आणि रस्त्याकडेला, उकिरड्याशेजारी, बांधकामाच्या मातीच्या ढिगांवर ही झाडं निर्धास्त वाढतात.

नावांचाही घोळ आहे. टाकळ्याला विदर्भाकडे तरोटा म्हणतात, संस्कृतात चक्रमर्द. गजकर्णावर, नायट्यावर त्याचं बी उगाळून लावायची जुनी रीत आहे, तिच्यावरून ते नाव पडलं. कासविंदा म्हणजे संस्कृतातला कासमर्द, खोकल्याचं मर्दन करणारा. पण पुष्कळ ठिकाणी त्याला ‘रानटाकळा’ म्हणतात, आणि घोटाळा होतो तो इथेच. रानटाकळा म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं, रानात उगवणारा टाकळा तो रानटाकळा. म्हणजे खायचाच! तेव्हा नावावर जाऊ नका. झाड हातात घ्या आणि बघा.

पानावरून ओळख

तीन खुणा लक्षात ठेवा. तिन्ही जुळल्या तरच टाकळा.

पहिली खूण, टोक. टाकळ्याची पानं टोकाशी गोल असतात, देठाकडे निमुळती आणि पुढे रुंद. मेथीच्या पानाची आठवण येते ती त्यामुळेच. कासविंद्याची पानं टोकाकडे निमुळती होत जातात आणि शेवटी स्पष्ट अणकुचीदार होतात. ही खूण लांबूनही दिसते.

दुसरी खूण, जोड्या. टाकळ्याच्या एका देठावर बहुधा तीन जोड्या, म्हणजे सहा पानं असतात. शेंड्याची जोडी सगळ्यांत मोठी, आणि टोकाला एकटं पान नाही. कासविंद्याच्या देठावर साधारण चार ते सहा जोड्या असतात. पण नुसत्या मोजणीवर विसंबू नका. कोवळ्या कासविंद्याच्या खालच्या देठांवर तीनच जोड्या सापडू शकतात. आमच्या या भगिनींची फसगत नेमकी इथेच झाली असावी.

तिसरी खूण, गाठ. ही बघायला चष्मा लावा आणि उजेडात बसा. टाकळ्याच्या देठावर, अगदी खालच्या जोडीच्या दोन पानांच्या मधे, एक बारीक टोकदार गाठ उभी असते. मोहरीच्या दाण्याहूनही लहान. कधी कधी तिच्या वरच्या जोडीतही अशी गाठ दिसते. कासविंद्याला पानांच्या मधे गाठ नसते. त्याची गाठ असते देठाच्या बुडाशी, जिथे देठ फांदीला चिकटतो त्याच्या अगदी जवळ. ती गोलसर, काळपट आणि जरा ठळक असते.

फोटोत फसायला होतं ते यामुळे. वरून काढलेल्या फोटोत पिवळं फूल आणि हिरवी पानं दिसतात, देठाच्या बुडाची गाठ दिसत नाही. यंत्राला दोष देण्यात अर्थ नाही. आपण त्याला जे दाखवलं, तेच त्याने बघितलं.

शेंगा आणि बिया

श्रावण सरला की दोघांनाही शेंगा लागतात आणि मग ओळख सोपी होते.

टाकळ्याची शेंग बारीक, लांब आणि विळ्यासारखी वाकलेली. बोटांत फिरवली तर दाभणासारखी लागते, चपटी नाही. आतलं बी तपकिरी, चकचकीत आणि दोन्ही बाजूंनी तिरकं कापल्यासारखं. मेथीदाण्याची थोरली बहीणच म्हणा ना!

कासविंद्याची शेंग चपटी, सुमारे करंगळीच्या नखाएवढी रुंद, किंचित वर वाकलेली. शेंगा झुपक्याने उभ्या राहतात. पिकत आली की मधला भाग तपकिरी होतो आणि दोन्ही कडा फिकट राहतात, साडीला काठ असावेत तशा. ही खूण एकदा बघितली की विसरत नाही. आतल्या बिया चपट्या, गोलसर, मळकट रंगाच्या, साधारण मसुरीएवढ्या. एकेका शेंगेत वीस-वीस, तीस-तीस. शेंग सोलायला सोपी आणि बिया बघायला अगदी डाळीसारख्या. हे वाक्य लक्षात असू द्या. पुढे ते लागणार आहे.

उंचीही वेगळी. टाकळा गुडघ्या-मांडीपर्यंत, फार तर कमरेपर्यंत. कासविंदा माणसाच्या खांद्यापर्यंतही जातो आणि खालचं खोड लाकडासारखं कठीण होतं.

घाटावर राहणाऱ्या मैत्रिणींसाठी आणखी एक सूचना. पुणे-सोलापूर भागात याच कुळातलं एक परदेशी तणही आता सर्रास दिसतं. मूळ अमेरिका खंडातलं. काँग्रेस गवताला मागे हटवतं म्हणून काही ठिकाणी त्याचं कौतुकही झालं. त्याची पानं टाकळ्यासारखी वाटतात, पण हात फिरवला तर मऊ लवदार, मखमलीसारखी लागतात आणि शेंगा आखूड, केसाळ असतात. टाकळ्याच्या पानाला अशी मखमल नसते. बोटाला लव लागली तर ते पान भाजीत घेऊ नका.

आता भाजी

सासूबाईंचा मान राखायलाच हवा, म्हणून भाजीही सांगते. पण ती पुढच्या वर्षीची. आता टाकळा फुला-शेंगांवर आला आहे, पानं जून आणि कडवट झाली आहेत. टाकळ्याची भाजी आषाढ-श्रावणातली. पहिल्या पावसानंतर वीतभर उंचीची रोपं आली की शेंड्याची कोवळी पानं खुडावीत.

पानं देठांवरून ओरबाडून घ्या. खुडतानाच एकेका शेंड्याची ओळख पटवा, ताटात ढीग झाल्यावर नाही. दोन-तीन पाण्यांतून धुऊन बारीक चिरा. वास आणि कडवटपणा आवडत नसेल तर पानं आधी उकळत्या पाण्यात चार मिनिटं टाकून ते पाणी ओतून द्या आणि पानं पिळून घ्या. कढईत तेलावर ठेचलेला लसूण, हिरव्या मिरच्या आणि बराचसा कांदा परता. अर्धी वाटी भिजवलेली मूगडाळ घाला. कोकणातल्या घरी डाळीऐवजी फणसाच्या आठळ्या उकडून, ठेचून घालतात. त्यांची चव काही औरच. मग भाजी घालून झाकण ठेवा. वाफ आली की मीठ, चिमूटभर गूळ आणि मूठभर ओलं खोबरं. गरम तांदळाच्या भाकरीबरोबर वाढा.

पहिल्यांदाच करत असाल तर बेताने खा. सोनामुखी याच कुळातली हे विसरू नका. टाकळ्यानेही पोट जरा सैल होतं.

आणि ओळखीची खात्री नसेल, तर सरळ बाजारातून घ्या. ठाणे-पालघर-रायगडाकडे पावसाळ्यात कातकरी, ठाकूर, वारली बायका पहाटे रानात जाऊन टाकळा आणतात आणि वाटे लावून विकतात. त्यांची नजर पिढ्यान्‌पिढ्यांची तयार. दोन रुपये कमी करा म्हणून घासाघीस करण्यापेक्षा पाच मिनिटं शेजारी बसून ‘मावशी, हा कसा ओळखायचा?’ म्हणून विचारा. कुठलंही पुस्तक शिकवणार नाही इतकं शिकून याल.

ता. क. ची गोष्ट

आता मी ज्यासाठी चहा टाकून उठले, त्या गोष्टीकडे वळते.

उत्तर प्रदेशाच्या पश्चिम भागात, बिजनौर आणि आसपासच्या जिल्ह्यांत, वर्षानुवर्षं एक विचित्र साथ येत असे. पावसाळा संपला की सुरू व्हायची आणि थंडी पडली की थांबायची. चांगली हसती-खेळती लहान मुलं, बहुतेक पाच-सहा वर्षांच्या आतली, एकाएकी आजारी पडत. उलट्या होत, मूल कावरंबावरं होई, वेडंवाकडं वागू लागे, शुद्ध हरपे, आणि दोन-तीन दिवसांत खेळ आटपे. आजारी पडलेल्यांपैकी निम्म्याहून कितीतरी जास्त मुलं दगावत. सगळ्यांना वाटे, मेंदूज्वर आहे, विषाणूची साथ आहे. फवारण्या होत, पण साथ दर वर्षी ठरलेल्या वेळी येतच राही.

बिजनौरचे बालरोगतज्ज्ञ डॉ. विपिन वशिष्ठ आणि त्यांचे सहकारी याच्या मागे लागले. वेल्लोरचे विषाणुतज्ज्ञ डॉ. टी. जेकब जॉन त्यांच्यासोबत होते. या मुलांना ताप फारसा नसे, आणि मेंदूबरोबर यकृत आणि स्नायूही बिघडलेले असत. नेहमीच्या मेंदूज्वरात हे असं दिसत नाही. मग 2006 साली त्यांनी आजारी मुलांच्या आणि त्याच भागातल्या निरोगी मुलांच्या घरच्यांना बारकाईने विचारलं, मूल काय खात होतं, कुठे खेळत होतं. उत्तर मिळालं, झाडाच्या शेंगा. आजारी मुलांच्या घरोघर हेच पुढे आलं, निरोगी मुलांच्या घरी क्वचित. ते झाड होतं कसौंदी. म्हणजेच आपला कासविंदा. 2007 साली हे संशोधन प्रसिद्ध झालं.

मुलांनी त्या शेंगा का खाल्ल्या? खेळता खेळता, भूक लागली म्हणून, डाळीसारख्या दिसतात म्हणून. आई शेतावर कामाला गेलेली, मूल घरामागच्या मोकळ्या जागेत. त्यात आईचा दोष काय? झाडाचं नाव तिला माहीत होतं, ते दर वर्षी उगवतं हेही माहीत होतं. त्याच्या बियांत विष आहे, एवढंच कुणी तिला सांगितलं नव्हतं. मग गावोगाव ते सांगण्यात आलं, झाडं उपटली गेली, आणि साथ पुढच्या काही वर्षांत झपाट्याने ओसरली. ना नवी लस, ना महागडं औषध. मुलांचे प्राण वाचले ते झाड ओळखण्याने.

पण ओळख एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात आपोआप जात नाही. 2016 साली ओडिशातल्या मलकानगिरी जिल्ह्यात पावसाळ्यानंतर सुमारे शंभर मुलं गेली. काही मुलांना जपानी मेंदूज्वर होताच, पण इतर कित्येकांच्या बाबतीत तज्ज्ञांनी बोट दाखवलं ते एका झाडाकडे. तिथे टाकळ्याला म्हणतात ‘चाकुंडा’ आणि कासविंद्याला ‘बडा चाकुंडा’. आपल्या ‘टाकळा’ आणि ‘रानटाकळा’ यांच्यासारखंच! नावात एका शब्दाचा फरक, आणि परिणामात जीवन-मरणाचा.

‘आम्ही लहानपणी खाल्लं, काही झालं नाही’

हे वाक्य तुम्हाला कुणी ना कुणी ऐकवणारच. माझ्या घरातही ऐकलं. त्यावर माझं उत्तर असं, की ज्याला काही झालं नाही तोच आज सांगायला आहे. थोराने चुकून एखादं बी चावलं आणि चार वर्षांच्या उपाशी मुलाने मूठभर खाल्लं, यांत फार अंतर आहे. लहान अंगात तेवढंच विष कितीतरी भारी पडतं. तेव्हा किती बिया चालतील, असा हिशेब करूच नका.

कुणी म्हणेल, कासविंदा तर औषधी आहे. आहे ना. पण औषध वैद्याच्या हातातलं, त्याने मापून दिलेलं. मुलांच्या भातुकलीतलं नव्हे. कुणी म्हणेल, काही देशांत याच्या बियांची कॉफी करतात. तेही खरं, आपल्या टाकळ्याच्या बियांचीही करतात. पण त्या खरपूस भाजलेल्या असतात आणि भाजण्याने विष कमी होतं. भातुकलीतली डाळ कोण भाजतं? टाकळ्याची पानं आपण खातो म्हणून त्याच्या बियाही मुलांनी खाव्यात, असं नाही. दोन्ही झाडांच्या शेंगा मुलांच्या तोंडात जाता कामा नयेत.

या आठवड्यात करायच्या गोष्टी

हे दिवस नेमके धोक्याचे. पितृपक्षापासून दिवाळीपर्यंत आणि पुढेही शेंगा भरतात, वाळतात. तेव्हा या रविवारी एवढं करा.

घराभोवती, शाळेच्या वाटेवर, अंगणवाडीच्या कुंपणालगत एक फेरी मारा. साडीच्या काठासारखी कड असलेली चपटी शेंग दिसली की समजा, कासविंदा.

झाड मुळासकट उपटा. पाऊस पडून गेल्यावर माती ओली असते, तेव्हा सोपं जातं. मोठ्या झाडाला कुदळ लागेल. हातात जुने मोजे किंवा प्लॅस्टिकच्या पिशव्या घाला आणि नंतर हात साबणाने धुवा.

शेंगा धरण्याआधी उपटलेली झाडं खतात टाकली तरी चालतील. पण शेंगा धरल्या असतील तर त्या आधी पिशवीत खुडून, तोंड बांधून कचऱ्याच्या गाडीत द्या. शेंगा उघड्यावर पडू देऊ नका. बियांची साल कठीण असते, त्या मातीत वर्षानुवर्षं टिकतात. म्हणून एकदा उपटलं आणि सुटलो, असं नाही. दर पावसाळ्यात फेरी हवी. आणि ती शेंगा येण्याच्या आधी, श्रावणातच केलेली बरी.

मुलांना झाड दाखवा. ‘तिकडे जाऊ नकोस’ म्हटलं की ती हटकून जातात. त्यापेक्षा एक शेंग हातात घेऊन दाखवा आणि सांगा, ही डाळ नव्हे, ही खायची नाही. मुलं भरभर शिकतात आणि एकमेकांना शिकवतात. आणि भातुकलीसाठी घरातून मूठभर खरे चुरमुरे-शेंगदाणे द्या. खोटी डाळ शिजवण्याची गरजच उरणार नाही.

देव न करो, पण मुलाने या शेंगा खाल्ल्याची नुसती शंका आली तरी वाट बघू नका. मूल वरून ठीक दिसलं तरी थांबू नका. मीठ-पाणी पाजून उलटी काढायला जाऊ नका, दूध-तूपही पाजू नका. सरळ मोठं इस्पितळ गाठा आणि जाताना झाडाची फांदी, शेंगेसकट, सोबत न्या. चिठ्ठीवर शास्त्रीय नाव लिहून ठेवा : सेना ऑक्सिडेंटॅलिस, जुनं नाव कॅशिया ऑक्सिडेंटॅलिस. या विषावर उतारा असं एखादं औषध नाही. पण मूल वेळेवर पोहोचलं आणि कारण कळलं, तर डॉक्टर चुकीच्या दिशेने न जाता त्याला सांभाळू शकतात.

फोनवरचं बोलणं

आता राहिलं ते फोनचं. मी पहिलाच प्रश्न विचारला, “मुलं त्या शेंगा तोंडात घालतात का हो?” पलीकडे क्षणभर शांतता. मग त्या म्हणाल्या, “मोठा नाही घालत ताई. पण धाकटी चार वर्षांची आहे, तिचं काही सांगता येत नाही.” गेल्या दोन-चार दिवसांत उलटी, पोटदुखी, काही वेगळं वागणं? तसं काही नव्हतं. माझाच जीव भांड्यात पडला.

मग मी विचारलं, “आणि वॉचमनची मुलं?” तेव्हा त्या म्हणाल्या, “त्यांच्या आईला सांगायला हवं का? ती मुलं तर दिवसभर तिथेच असतात. ती चार घरची कामं करायला जाते.”

मैत्रिणींनो, सगळं इथेच आलं. आपलं मूल संध्याकाळी तासभर त्या प्लॉटवर खेळतं आणि जेवायला घरी येतं. ते मूल तिथेच राहतं, आणि दुपारची भूकही त्याला तिथेच लागते. बिजनौरची मुलं याच घरांतली होती. तेव्हा आपल्या अंगणापुरतं झाड उपटून मोकळं होऊ नका. तुमच्याकडे भांड्याला येणाऱ्या बाईला, समोरच्या बांधकामावरच्या मजूर बाईला, अंगणवाडीच्या ताईला ती शेंग एकदा दाखवा. दोन मिनिटांचं काम आहे.

परवा या भगिनींचा फोन पुन्हा आला. रविवारी सकाळी कॉलनीतल्या सहा-सात जणी, त्यांच्यात वॉचमनची बायकोही, प्लॉटवर उतरल्या आणि दोन पोती भरून कासविंदा काढला. सासूबाई गुडघ्यांमुळे गॅलरीत खुर्ची टाकून बसल्या होत्या. एकेक फांदी वर नेऊन त्यांना दाखवली जात होती. त्या चष्मा लावून बघत आणि सांगत, “हा जाऊ दे, टाकळा आहे. आणि तो? तो काढ!” पुढच्या आषाढात त्यांना भाजी मिळणार आहे. पहिला वाटा वॉचमनच्या घरी द्यायचा, असंही म्हणे त्यांनी ठरवून टाकलं आहे.

तुमच्या घराजवळही असं काही उगवत असेल आणि ओळख पटत नसेल, तर फांदी पान-फूल-शेंगेसकट कागदात दाबून, वाळवून पाठवा. देठाचं बूड मात्र तोडू नका. खूण तिथेच असते.